पऱ्हाटीचा कोळसा : माप कोणाचे आणि माती कोणाची?

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की पाथर्डी तालुक्याच्या शिवारात पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडतात आणि थोड्याच दिवसांत त्यांना काडी लावली जाते. पुढच्या नांगरटीला रान मोकळे व्हावे एवढाच शेतकऱ्याचा हेतू असतो, आणि तो गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जो हाहाकार उडविला, त्यानंतर तर कृषी खातेही ‘फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रानात राहू देऊ नका’ असे बजावीत आले आहे. कारण काड्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांतच अळी पुढच्या हंगामाची वाट पाहात दडून बसते. थोडक्यात, पऱ्हाटी हलविली पाहिजे हे ठरलेले आहे. प्रश्न आहे तो ती जाळून तिची राख करावयाची की कोंडून तिचा कोळसा करावयाचा, हा.

या दुसऱ्या मार्गाला अलीकडे ‘बायोचार’ हे नाव मिळाले आहे. काही जण त्याला जैवकोळसा म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. काडीकचरा हवेचा पुरवठा तोडून साधारण साडेतीनशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्यातील वायू व डांबरी द्रव्ये निघून जातात आणि कर्बाचा सच्छिद्र सांगाडा मागे राहतो. उघड्यावर जाळलेल्या काडीतील जवळजवळ सगळा कर्ब धूर होऊन आकाशात जातो. कोंडून भाजलेल्या काडीतला निम्म्याच्या आसपास कर्ब कोळशाच्या रूपाने हाती राहतो, आणि तो मातीत गेल्यावर शेणखतासारखा दोन-चार वर्षांत कुजून संपत नाही. दख्खनच्या उन्हात जमिनीतील सेंद्रिय द्रव्य किती झपाट्याने नाहीसे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या टिकाऊपणाचे मोल वेगळे सांगावयास नको. कोकणातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजीत आला आहे. त्या राबात राखेबरोबर थोडा कोळसाही जमिनीला मिळतो, पण तो योगायोगाने. बायोचारचा सारा भर हा योगायोग हुकमी करण्यावर आहे.

महाराष्ट्रात हा प्रयत्न प्रथमच होतो आहे असेही नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली आणि तिला २००२ साली इंग्लंडमधील ‘ॲशडेन’ पारितोषिक मिळाले. पाचट बंद डब्यांत भरावयाचे, ते डबे भट्टीत ठेवावयाचे, आणि पाचटातून निघणारा ज्वालाग्राही वायूच पेटवून पुढची उष्णता मिळवावयाची, अशी ती युक्ती होती. निघालेल्या भुकटीच्या कांड्या करून त्या चुलीत वापरावयाच्या, हा तिचा हेतू. तांत्रिकदृष्ट्या त्या भट्टीत खोट काढण्यासारखे फारसे नव्हते. तरीही उसाच्या फडांतील पाचट जळतच राहिले. असे का व्हावे, याचा विचार बायोचारच्या आजच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी अवश्य करावा. पाचट हलके पण जागा फार व्यापणारे असते. ते गोळा करून एका ठिकाणी आणण्याची मजुरी आणि वाहतूक त्याच्या किमतीला खाऊन टाकते. टाकाऊ म्हणून जी वस्तू फुकट दिसते, ती हलवू लागताच फुकट राहात नाही. अर्थशास्त्रातला हा अगदी प्राथमिक धडा आहे. पण तंत्रज्ञानाच्या पुस्तिकांतून तोच बहुधा गाळलेला असतो.

मुळात ‘टाकाऊ’ हा शब्दच जरा तपासून घेतला पाहिजे. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात शेतातले टाकाऊ असे फार थोडे असते. बाजरीचे सरमाड आणि ज्वारीचा कडबा जनावरांच्या दावणीत जातो, आणि दुष्काळी वर्षी तर त्याला धान्याहून अधिक भाव येतो. तुराट्या चुलीला, कुडाला, वेलींच्या मांडवाला लागतात. पाचटाचे पहिले स्थान खोडव्याच्या सरीत आच्छादन म्हणून आहे, भट्टीत नव्हे. पऱ्हाट्यांचाही एक भाग भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया सरपणासाठी मोळ्या बांधून नेतात. त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. उद्या पऱ्हाटीला किलोमागे दोन रुपये भाव आला, तर जमीनधारकाला ते दोन रुपये मिळतील आणि त्या स्त्रीची चूल मात्र महाग होईल. त्यातच केंद्र सरकारने २०२१ साली औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर सुमारे पाच टक्के जैवभाराच्या कांड्या जाळण्याचे धोरण आखल्याने याच काडीला आणखी एक गिऱ्हाईक उभे राहिले आहे. तेव्हा जे खरोखरच बांधावर जळून जाते तेवढ्याचाच विचार करणे रास्त होय.

आता आकड्यांकडे वळू. एका हेक्टरातील कपाशीपासून साधारणपणे दोन ते तीन टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात. कोरडवाहू रानात त्याहून कमीच. कोळशाचा उतारा वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास धरला, तर हेक्टरी सहाशे किलो कोळसा होतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, जी ‘क्रिडा’ या नावाने ओळखली जाते, तेलाच्या दोनशे लिटरच्या पिंपात फेरफार करून पऱ्हाट्या-तुराट्यांसाठी स्वस्त भट्टी सुचविली आहे. लहान शेतकऱ्याला परवडेल असे साधन ते हेच. परंतु अशा पिंपातून एका खेपेस पाच-सहा किलो कोळसा निघतो असे धरले, तर सहाशे किलोसाठी शंभर ते सव्वाशे खेपा कराव्या लागतील. एक माणूस दिवसाला दहा खेपा उरकतो असे मानले, तरी दहा-बारा दिवसांची मजुरी झाली. चारशे रुपये रोजाने ती चार-पाच हजारांच्या घरात जाते. पऱ्हाट्या उपटणे व तुकडे करणे यांत अजून धरलेले नाही.

एवढे करून शेताला मिळाले काय? एका हेक्टरातील वितीएवढ्या थरातील मातीचे वजन सुमारे वीस लाख किलो असते. त्यात सहाशे किलो कोळसा म्हणजे दहा हजारांत तीन भाग. ज्या प्रयोगांच्या आधारे बायोचारचे गुण गाइले जातात, त्यांत हेक्टरी पाच, दहा, कधी वीस टनही कोळसा घातलेला असतो. पाथर्डीच्या शेतकऱ्याला स्वतःच्या पऱ्हाटीवर विसंबून पाच टनांचा टप्पा गाठावयास आठ वर्षे लागतील, आणि तेही दरसाल त्याच रानात कपाशी घेतली तर! हा हिशेब हिरमोड करण्यासाठी मांडलेला नाही. कोळसा टिकतो, म्हणून तो साचत जातो, हे खरेच आहे. परंतु तो रानभर फेकण्याऐवजी फळझाडांच्या खड्ड्यांत, भाजीपाल्याच्या वाफ्यांत, टोकणीच्या ओळीत घातला तरच थोड्या कोळशाचा गुण डोळ्यांना दिसेल, एवढे यातून निष्पन्न होते. शिवाय कोरा कोळसा जमिनीत घातला तर पहिल्या हंगामात तो पिकाच्या वाट्याचा नत्र स्वतःकडे ओढून घेण्याची शक्यता असते. म्हणून तो आधी गोठ्यात पसरून गोमूत्रात मुरवावा, अथवा उकिरड्यात शेणाबरोबर कुजवावा. गोठ्यातील दुर्गंधी त्याने कमी होते हा वरकड लाभ.

येथेच मजुरांचा प्रश्न आडवा येतो. पऱ्हाट्या उपटण्याचा काळ डिसेंबर ते मार्च. नेमक्या याच काळात पाथर्डीतील हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व नगर जिल्ह्याच्याच उत्तरेकडील बागाईत पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात. ज्या हातांनी येथील काडीचा कोळसा व्हावयाचा, तेच हात तेथे ऊस तोडून पाचट मागे टाकीत असतात, आणि ते पाचट पुढे पेटविले जाते. उलट, कारखाने बंद होऊन टोळ्या चैत्र-वैशाखात गावी परततात, तेव्हा त्यांना काम नसते. पऱ्हाट्या बांधावर त्या वेळपर्यंत रचून ठेवाव्यात म्हटले, तर बोंडअळीची भीती. यातून मार्ग निघू शकतो, तो असा की किडकी बोंडे झाडून नष्ट करून काड्या गावाबाहेर एका जागी, जाळीखाली साठवावयाच्या आणि भट्टीचे काम एप्रिल-मेमध्ये काढावयाचे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीची कल्पना दिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या परंपरेत खडी फोडण्यापेक्षा जमिनीला काही देऊन जाणारे हे काम बसविणे अशक्य नाही. मात्र या दिवसांत तालुक्यातील कित्येक गावे टँकरवर असतात, हे ध्यानात ठेवावे लागेल. उघड्या तोंडाच्या शंकूसारख्या ज्या भट्ट्यांचा सध्या बोलबाला आहे, त्यांतील निखारे बहुधा पाणी ओतून विझवितात. जेथे हंडाभर पाण्यासाठी रांग लागते, तेथे निखाऱ्यांवर पाणी ओतावयास कोण धजेल? पाथर्डीला झाकण लावून, मातीने लिंपून, हवा तोडून विझणारीच भट्टी हवी. मात्र असा कोळसा पुरता थंड होण्याआधी पोत्यात भरला तर पुन्हा पेट घेतो, याची जाण काम करणाऱ्यास हवी.

आता मातीचा मुद्दा, आणि खरे तर सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच. बायोचारची कीर्ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काळ्या मातीमुळे पसरली. तेथील आदिवासींनी शेकडो वर्षे कोळसा, हाडे, खरकटे मिसळून मूळच्या निकस जमिनीला कस आणला. पण ती मूळ जमीन आम्ल होती. कोळसा स्वतः अल्कधर्मी असल्याने आम्ल जमिनीत तो चुन्याचेही काम करतो. जगभरच्या प्रयोगांचा २०१७ साली जो एकत्र आढावा घेतला गेला, त्यात उष्ण कटिबंधात सरासरी पंचवीस टक्के उत्पादनवाढ दिसली आणि समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. आणि ही वाढ मुख्यतः आम्ल, निकस जमिनींमुळे होती. पाथर्डी उष्ण कटिबंधात आहे एवढ्यावरून पंचवीस टक्क्यांचा आकडा येथे आणून चिकटविणे ही शुद्ध दिशाभूल ठरेल. येथील काळ्या व चुनखडीयुक्त जमिनींचा सामू आधीच आठच्या आसपास किंवा वर असतो. त्यांत आणखी क्षार व अल्कता असलेला कोळसा घातल्याने लाभ तर संदिग्ध, आणि जस्त-लोहाची कमतरता वाढण्याचा धोका मात्र खरा. याउलट गर्भगिरीच्या डोंगरउतारावरील बरड, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत त्याच्या सच्छिद्रतेचा उपयोग होऊ शकेल. आणि कोकणातील जांभ्याच्या आम्ल जमिनीत तर तो बहुधा सर्वाधिक शोभेल. म्हणजे एकाच तालुक्यात एका शेताला जे औषध, ते शेजारच्या शेताला अपथ्य ठरू शकते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. हलक्या आणि भारी अशा दोन्ही जमिनींवर, सलग काही वर्षे, कोरडवाहू परिस्थितीतच प्रयोग करून त्याने वेगवेगळी शिफारस दिली, तर विक्रेत्यांच्या जाहिरातींना उत्तर मिळेल.

यावरून मानकांचा प्रश्न आपोआप पुढे येतो. युरोपातील बायोचार प्रमाणपत्र आणि आंतरराष्ट्रीय बायोचार संघटनेचे निकष हे दोन्ही २०१२ च्या सुमारास तयार झाले. त्यांचा गाभा असा : कोळशातील हायड्रोजन व सेंद्रिय कर्ब यांच्या अणूंचे गुणोत्तर ०.७ च्या आत असले पाहिजे, म्हणजे तो पुरता भाजला गेला आहे व जमिनीत टिकेल याची खात्री पटते. जड धातूंना मर्यादा हवी. आणि अर्धवट जळण्यातून निर्माण होणाऱ्या कर्करोगकारक डांबरी संयुगांनाही. युरोपच्या पद्धतीत उपयोगानुसार प्रतीही ठरविल्या आहेत. जनावरांच्या चाऱ्यात मिसळण्याच्या कोळशाला सर्वात कडक नियम, शेतीच्या कोळशाला त्याखालोखाल, आणि बांधकामाच्या मालात मिसळावयाच्या कोळशाला सर्वात सैल. ही विभागणी शहाणपणाची आहे. जो कोळसा सिमेंटात खपेल तो गाईच्या पोटात जाता कामा नये.

आपल्याकडे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत शहरी कंपोस्ट, गांडूळखत वगैरेंची मानके ठरलेली आहेत. कंपोस्टमधील कर्ब-नत्राचे गुणोत्तर विसाच्या आत हवे, हा त्यातला एक प्रमुख दंडक. तो योग्यच आहे. पण पऱ्हाटीच्या कोळशाचे हे गुणोत्तर स्वभावतःच त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे कोळशाला कंपोस्टच्या मापाने मोजणे म्हणजे लोखंड लिटरने मोजण्यासारखे आहे. त्याला खत म्हणून नव्हे, तर भूसुधारक म्हणून स्वतंत्र माप हवे. त्या मापात पोत्यावर चार गोष्टी ठळक अक्षरांत मराठीत छापण्याची सक्ती असावी : कशापासून केला, कर्ब किती व राख किती, सामू किती, आणि कोणत्या जमिनीत घालू नये. यांतली शेवटची अट युरोपच्या यादीत शोधण्याचे कारण नाही. तिची गरज येथील शेतकऱ्याला अधिक आहे. भाताच्या तुसाचा कोळसा आणि पऱ्हाटीचा कोळसा दिसावयास सारखेच काळे, पण तुसात सिलिकाची राख भरपूर, तर पऱ्हाटीत कर्ब अधिक. शहरी कचऱ्यातून आलेला कोळसा तर स्वच्छ शेतीमालापासूनच्या कोळशाच्या पंक्तीला बसविताच येणार नाही, कारण त्यात कोणता रंग, कोणते प्लॅस्टिक, कोणती धातू उतरली हे डोळ्यांना दिसत नाही.

अणूंचे गुणोत्तर मोजण्याची यंत्रे गावात येणार नाहीत, हे उघड आहे. तथापि सर्वच परीक्षा महाग नसतात. नीट भाजलेला कोळसा मोडताना कडकन मोडतो. हाताला लागलेला डाग साध्या पाण्याने निघतो, साबण लागला तर डांबर राहिले आहे असे समजावे. पाण्यात टाकल्यावर तेलकट तवंग येत नाही. सामू मोजणे शाळेच्या प्रयोगशाळेतही जमते. कोळसा मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या मातीच्या कुंड्यांत मूग किंवा बाजरीचे दाणे टाकून किती उगवले हे मोजणे ही तर आंतरराष्ट्रीय निकषांतीलच एका चाचणीची सोपी आवृत्ती होय. तालुक्यातील माध्यमिक शाळांनी व महाविद्यालयांनी ही कामे अंगावर घेतली, तर विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत उतरवून काढण्याच्या जुन्याच प्रयोगांपेक्षा काही जिवंत हाती लागेल.

मानकांना एकाएकी एवढे महत्त्व आले ते शेतीमुळे नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ते आले कर्बश्रेयांच्या बाजारामुळे. जानेवारी २०२५ मध्ये गूगल या बलाढ्य अमेरिकन कंपनीने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टन कर्बश्रेये घेण्याचा करार जाहीर केला. ती श्रेये गुजरातमधील वेड्या बाभळीच्या कोळशातून येणार आहेत. वेडी बाभूळ पाथर्डीलाही परकी नाही. ओढ्याकाठी व पडीक रानांत तिने ठाण मांडलेले आहे. मघाच्या सहाशे किलो कोळशात सत्तर टक्के कर्ब धरला आणि सर्व वजावट केली, तर एक-सव्वा टन कार्बन डायऑक्साइडचे श्रेय निघते. टनाला शंभर डॉलर धरले, तर हेक्टरामागे दहा हजार रुपयांच्या आसपास रक्कम होते. मजुरीच्या चार-पाच हजारांपुढे ती आकर्षक दिसते खरी. पण त्यातून तपासनीस, प्रयोगशाळा, नोंदणी आणि मधली कंपनी यांचे वाटे जाऊन बांधावर किती उतरते, हे करारपत्रातच ठरते. आणि ते करारपत्र शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत बहुधा नसते. शिवाय दाबून पेटविलेल्या साध्या मातीच्या भट्टीतून मिथेन सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापदायक मानला जातो. अशा भट्टीत धूर गावाचा आणि श्रेय कागदावरचे, अशी स्थिती होईल.

कोळशाला भाव आला की कुऱ्हाड वेड्या बाभळीपाशी थांबत नाही, हाही अनुभव नवा नाही. बोर, खैर, देशी बाभूळ यांची पाळी लागलीच येते. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून दाखविली, आणि ती पाळण्यासाठी कोणत्याही परदेशी प्रमाणपत्राची गरज पडली नाही. ग्रामसभेचा ठराव आणि एकमेकांवरची नजर पुरली. कोणती काडी भट्टीत जाईल, सरपणासाठी किती राखून ठेवावयाची, भट्टी कोणत्या महिन्यात पेटेल, मजुराला रोज काय मिळेल, हे सर्व ठराव ग्रामसभेचेच हवेत.

आणि भट्ट्यांची मालकी? ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेथे हा प्रश्न विचारण्याची वेळ यावी हे थोडे विचित्रच. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या सव्वा टनाला बाजारात कोणी विचारणार नाही. विविध कार्यकारी सोसायटीमार्फत दहा गावांचे श्रेय एकत्र झाले तर भावाची घासाघीस करता येईल, प्रयोगशाळेचा खर्च वाटला जाईल आणि करारपत्र मराठीत मागता येईल. प्रवरेच्या पाण्याने जिल्ह्याचा उत्तर भाग सुधारला, पण दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेडसारखे कोरडे तालुके त्या सहकारात मुख्यतः ऊसतोडीचे मजूर म्हणूनच सामील झाले, हा इतिहास आहे. बायोचारची पहिली पोती तालुक्याबाहेर जातील तेव्हा त्यांवर उत्पादक म्हणून कोणाचे नाव छापलेले असेल, एवढे पुढील हंगामाआधी सोसायट्यांच्या वार्षिक सभांत ठरवून घ्यावयास हरकत नसावी.